पाय कुठे टेकतात

पहाटे ४.४५

उठल्यावर आधी बुटात हात घालायचा, अगदी अंगठ्याच्या टोकापर्यंत. वरून कातडं कोरडं लागतं, पण ओल पुढच्या कोपऱ्यात दडून बसलेली असते. रात्री आत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे काढतो, खिडकीच्या गजावर टाकलेला सुकतळा परत बसवतो. जरा जरी गारवा लागला तरी ती जोडी आज घरी राहते आणि दुसरी पिशवीत जाते. काचा धुणाऱ्या माणसाकडे बुटांच्या दोन जोड्या हव्यातच, हे टोळीत येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच दिवशी सांगतो. दिवसभर साबणाच्या पाण्यात भिजलेला बूट मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत वाळत नाही. ओल्या बुटात रोज पाय घातला की थोड्याच दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी सोलते, आग होते, माणूस लंगडायला लागतो. लंगडणाऱ्या माणसाला मी दोरावर सोडत नाही. म्हणजे त्याचा रोज बुडतो.

बूट उन्हात ठेवून पटकन वाळवावेत असं पोरांना वाटतं. कातड्याचा बूट तसा वाळवला की कडक होतो, चवड्याच्या घडीवर तडकतो आणि मग त्या फटीतूनच पाणी आत येतं. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला, नाड्या सैल करून, जीभ बाहेर ओढून ठेवला तर दीड दिवसात नीट वाळतो. म्हणून दोन जोड्या.

५.३०

दिव्याहून धीमी लोकल. पायात साधी चप्पल, कामाचे बूट पिशवीत. रस्त्यावरची बारीक खडी तळाच्या खाचांत रुतून बसते, आणि तोच तळ दोन तासांनी लोकांच्या काचेवर टेकायचा असतो. एक खडा आणि काचेवर वीतभर ओरखडा. तो पुसून जात नाही.

पावसाळ्यात मात्र चप्पल चालत नाही. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत ती साथ आलीच होती. त्या महिन्यांत जाता-येता गमबूट, आणि स्टेशनवरून गेटवर पोचल्यावर आधी साबणाने पाय धुणं. आता ऑक्टोबर आहे, पाऊस गेलाय, ऊन तापलंय. चार महिन्यांची चिखल-धूळ इमारतींच्या अंगावर बसलेली असते आणि दिवाळीच्या आत सगळ्यांना काचा चकचकीत हव्या असतात. आमचा सुगीचा काळ हाच.

६.४०

करी रोडचा पूल ओलांडला की लोअर परळ. एकेकाळी जिथे गिरण्यांची धुराडी होती, तिथे आता पायापासून शेंड्यापर्यंत काच असलेल्या इमारती आहेत. त्यातल्या एकीच्या गेटवर वर्क परमिटचा फॉर्म भरायचा. हेल्मेट, हार्नेस, दोर, खाली बॅरिकेड, आणि शेवटच्या ओळीत ‘सेफ्टी शूज’. तिथला माणूस प्रत्येकाच्या बुटाच्या पुढच्या टोकावर काठी टकटक वाजवतो. आत स्टील टो असला की आवाज वेगळा येतो, आणि खूण केली जाते.

मला या कामात ज्याबद्दल मनापासून बोलायचं असतं ते इथेच सुरू होतं. स्टील टो कशासाठी असतो? भारतीय मानक आयएस १५२९८ च्या भाग २ मध्ये जो सेफ्टी बूट सांगितलाय, त्याच्या पुढच्या टोपीने २०० जूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पायाच्या बोटांवर पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. गोदामात, फाउंड्रीत, बांधकामावर याला पर्याय नाही. पण काचा धुणाऱ्याच्या पायावर २० किलोचं काय पडणार? आमची सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाण्याची बादली. आमच्या माणसाला गाठतं ते घसरणं. ओल्या ग्रॅनाइटवर, शिडीच्या दांड्यावर, साबण ओघळलेल्या काचेवर. काठी वाजवून ते कळत नाही. त्यासाठी बूट उलटा करून तळ बघावा लागतो, आणि तळ कोणी बघत नाही.

त्याच मानकाचा भाग ४ आहे, ज्यात पुढे टोपी नसलेला कामाचा बूट येतो. पकड, पाणी अडवणं, टाचेचा धक्का सोसणं, या सगळ्यासाठी तोही तपासला जातो. काच धुण्याच्या बहुतेक कामाला हाच योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे इमारत अजून उभी राहतेय, वरून सळया-फरशा पडू शकतात, तिथे स्टील टो घालायलाच हवा, त्यात वाद नाही. आणि चालू इमारतीच्या गेटवरही टोपीशिवाय सोडतच नसतील तर फायबरची टोपी असलेला बूट घ्यावा. २०० जूलची तीच परीक्षा तो पास होतो आणि पायाला हलका पडतो.

७.१५

गच्ची. दोर बांधायचे हुक तपासणं, दोर सोडणं, कठड्याच्या धारेवर गादी घालणं, हे माझ्याशिवाय दुसरा एक माणूस पुन्हा तपासतो. मग हार्नेस. मग बूट, आणि त्यालाही तेवढाच वेळ.

खंडेनवमीला आम्ही दोर, हार्नेस, वायपर, पाण्याचे पोल ओळीने मांडून हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं घालतो. बूट अर्थातच त्या ओळीत नसतात, ते दाराबाहेर असतात. रीत आहे, ती मोडावी असं मला म्हणायचं नाही. पण वर्षभरही पोरं बुटाला तसंच दाराबाहेरचं मानतात. दोराला धागा सुटला तर लगेच दाखवतात, बुटाचा तळ गुळगुळीत झाला तर महिनाभर सांगत नाहीत. म्हणून गच्चीवर प्रत्येकाने बूट उलटा करून दाखवायचा हा आमच्या टोळीचा नियम आहे. टाचेची मागची कड आणि चवड्याखालचा भाग, या दोन जागा आधी झिजतात. तिथे नक्षी संपली असेल तर तो बूट आज जमिनीवरच्या कामालाही नाही. तळ आणि वरचं कातडं यांच्या जोडावर अंगठ्याने दाबून बघायचं. फट उघडली तर पाणी आत जाणार आणि एखाद दिवशी तळ लोंबणार.

त्यानंतर तळ ओल्या फडक्याने पुसायचा, खाचांतले खडे काडीने काढायचे. नाडीची गाठ दुहेरी मारून टोकं आत खोचायची. लोंबती नाडी कॅराबिनरमध्ये किंवा दोराच्या उतरणीच्या साधनात अडकली तर माणूस हवेत लटकत ती सोडवत बसतो. बिननाडीचा, नुसता पाय सरकवून घालायचा बूट दोरावर मी चालू देत नाही. एवढ्या उंचीवरून निसटलेला बूट खाली चालणाऱ्याच्या डोक्यात बसला तर काय होईल, याचा विचार करावा.

७.४५

सकाळी पश्चिमेची बाजू. उन्हात काच तापली की साबणाचं पाणी वायपर फिरवायच्या आधीच वाळतं आणि डाग राहतात, म्हणून सूर्याच्या पाठीमागे राहायचं. सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व.

खालून बघणाऱ्याला वाटतं, दोरावरच्या माणसाचे पाय रिकामेच असतात. वजन हार्नेसवर आणि बसायच्या फळीवर असतं हे खरं, पण तोल सगळा पायांवर असतो. काच डावीकडून उजवीकडे पुसताना शरीर दुसरीकडे झुलतं आणि ते पायांनीच थोपवावं लागतं. पाय काचेच्या मध्यावर रोवायचा नाही, दोन काचांमधल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टेकायचा. त्यासाठी बुटाचं टोक बारीक, तळ चवड्यापाशी सहज वाकणारा आणि घोटा मोकळा हवा. जाड, ताठ, घोट्यापर्यंत आवळलेला बूट इथे लाकडाच्या ओंडक्यासारखा होतो, पट्टी कुठे आहे हे पायाला कळतच नाही.

आणखी एक गोष्ट फक्त दोरावर बसलेल्यालाच ठाऊक असते. हात वर काम करतात आणि त्यांचं सगळं साबणपाणी ओघळत येतं ते बरोबर पाय टेकलेल्या जागी. म्हणजे काम जितकं नेटाने चालतं तितका पाय निसरड्यावर जातो. डोंगर चढायच्या बुटांसारखी खोल खाचांची नक्षी इथे उपयोगाची नाही. चिखलात खोल खाचा रुततात म्हणून धरतात. गुळगुळीत काचेवर किंवा फरशीवर जितकं रबर प्रत्यक्ष टेकेल तितकी पकड. मऊसर रबर, सपाट तळ, त्यात पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक बारीक चिरा, हे सगळ्यात चांगलं. शिवाय रबर डाग न पाडणारं हवं. काळ्या रबराच्या रेघा पांढऱ्या पॅनेलवर उमटतात, आणि पुसलेली काच सोडून लोक त्या रेघाच बघतात.

नाडी किती आवळायची यालाही इथे अर्थ आहे. फळीची कड मांडीखाली रुतते, हार्नेसचे पट्टे जांघेत बसतात, पायातली रक्ताची ये-जा मंदावते. त्यात बूट करकचून बांधला तर पाऊल बधिर होतं. मी पोरांना सांगतो, चवड्यावर सैल, घोट्याजवळ घट्ट. टाच आत उचलली जाऊ नये पण बोटं हलवता आली पाहिजेत. आणि ती हलवत राहायची. पाय काचेला लावून दाबत-सोडत राहिलं की रक्त चालू राहतं. पाय बधिर झाला असं कोणी म्हटलं की त्याला खाली घ्यायचं, मजला अर्धा राहिला तरी.

१०.३०

चहा, वडापाव, आणि बूट-मोजे काढणं. या सुट्टीत मोजे बदलायचेच. सुती मोजा चांगला असं आपल्याकडे सगळे मानतात. घामापुरता तो ठीक आहे, पण एकदा भिजला की तो पाणी धरून ठेवतो आणि ओल्या सुताच्या घडीवर कातडी घासून फोड येतो. खेळाडू वापरतात तसा पॉलिस्टर मिसळलेला, टाचेशी जाड विणीचा मोजा लवकर सुकतो. महागही नसतो. पाय पुसून, बोटांमध्ये पावडर टाकून, दहा मिनिटं उघडे ठेवले की उरलेला दिवस वेगळाच जातो.

मालद्याहून आलेला नवा पोरगा मोजे काढायला लाजत होता. पायाच्या करंगळीवर भोवरी, टाचेवर फुटलेला फोड. बूट ठेकेदाराने दिलेला, नंबर बरोबर, तरी चावतो. त्याचा पाय पाहिल्यावर कारण कळलं. लहानपणापासून शेतात अनवाणी चाललेला पाय, चवडा पसरट, बोटं सुटी सुटी. बूट लांबीला बरोबर आणि रुंदीला अपुरा. अशा वेळी पोरं एक नंबर मोठा घेतात, मग टाच आत खेळते आणि फोड चवड्यावरून टाचेवर जातो. दुखणं फक्त जागा बदलतं. आज संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन जायचं ठरवलं.

११.१५

ऊन वर आलं, दोर वर घेतले. आता खालच्या दुकानांच्या दर्शनी काचा, शिडीवरून.

शिडीवर सबंध माणसाचं वजन पावलाच्या मधल्या कमानीवर येतं, इंचभर रुंदीच्या दांड्यावर. दोरावरचा तो मऊ, वाकणारा बूट इथे घातला तर पाव तासात तळपाय कळ मारायला लागतो, आणि काही महिन्यांनी सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेतून सुरी गेल्यासारखं होतं. शिडीसाठी तळाच्या आत कमानीपाशी ताठ पट्टी असलेला बूट हवा, म्हणजे दांड्याचा दाब सगळ्या पावलावर पसरतो. हातात धरून वाकवून बघावं: चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्ये अजिबात नाही. आणि टाच वेगळी, खालून स्पष्ट उठलेली पाहिजे, कारण उतरताना पाय मागे सरकला तर तीच टाच दांड्यावर अडते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत शिडीवरच्या पकडीसाठी ‘एलजी’ अशी स्वतंत्र खूण आली आहे. ज्याचा निम्मा दिवस शिडीवर जातो त्याने ती खूण शोधून बूट घ्यावा.

म्हणून मला कोणी विचारलं, काच धुणाऱ्याने कुठला बूट घ्यावा, तर मी उलट विचारतो की तुझा पाय दिवसात जास्त वेळ कुठे टेकतो? दोरावर, शिडीवर की फरशीवर? त्याच्या उत्तरातच बूट आहे. आमच्या टोळीत दोरावरचे आणि शिडीवरचे असे दोन गट मी केले ते कौशल्य बघून, पण त्याचा मोठा फायदा पायांना झाला.

१.००

डबा. बूट काढून, सावलीत, पाय भिंतीला वर लावून थोडा वेळ पडणं.

२.००

दुपारी लॉबी. बाहेर गच्चीचा स्लॅब तापलेला असतो, आत एसीचा गारवा, आणि खाली आरशासारखा ग्रॅनाइट. सगळ्यांना ही जागा सोपी वाटते. माझ्या अनुभवात माणसं सगळ्यात जास्त इथेच पडतात. उंचीवर प्रत्येकजण सावध असतो, दोन दोर असतात. लॉबीत काचेवरून निथळलेलं साबणपाणी फरशीवर येतं, दिव्यांच्या प्रकाशात दिसत नाही, आणि माणूस वर काचेकडे बघत मागे सरकत असतो.

बुटाच्या पकडीची परीक्षा जी ठरलेली आहे ती गंमत म्हणजे अगदी आमचीच जागा वाटावी अशी आहे. सिरॅमिक फरशीवर साबणाचं पाणी टाकून बूट किती धरतो ते मोजतात. पास झाला तर ‘एसआरए’. पोलादी पत्र्यावर ग्लिसरीन टाकून मोजलं तर ‘एसआरबी’. दोन्हीत पास तो ‘एसआरसी’. नव्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ही तीन नावं गेली, साबणाच्या फरशीची परीक्षा सगळ्यांनाच सक्तीची झाली, आणि त्यापुढे ग्लिसरीनचीही दिली तर ‘एसआर’ लिहितात. दुकानांत अजून जुन्या खुणांचा माल भरपूर दिसतो. मी पोरांना एवढंच पाठ करायला लावलंय की बुटाच्या जिभेवर किंवा डब्यावर ‘एसआर’ने सुरू होणारं काही आहे का ते बघ. ते नसेल आणि जुना माल असेल, तर पकडीबद्दल दुकानदाराचा शब्द हाच काय तो आधार.

लॉबीच्या आतल्या काचा इमारतीच्या हाउसकीपिंगच्या बायका पुसतात. त्यांचं काम आमच्या अंगावर येत नाही, त्यांचा ठेकेदार वेगळा, पण फरशी एकच आहे. त्यातल्या एक मावशी घरच्या रबरी चपलेतच काम करत होत्या. मी विचारलं, "मावशी, बूट दिले नाहीत का?" म्हणाल्या, "दिलेत की. सहा नंबर आहे. माझा पाय चारचा. कापूस कोंबून घातला दोन दिवस, तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवर पडले. त्यापेक्षा माझी चप्पल बरी, सवयीची तरी आहे."

बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान आवृत्ती नव्हे. टाच अरुंद असते, चवड्याच्या मानाने तर फारच. पुरुषांच्या साच्यावर बनवलेला बूट नंबराने लहान मिळाला तरी टाचेत ढिला पडतो. बायकांच्या साच्याचे सेफ्टी बूट बाजारात आहेत, तीन-चार नंबरापासून मिळतात, फक्त ऑर्डर देताना कोणी मागत नाही. सगळ्यांचा नंबर लिहून घ्यायच्या ऐवजी ‘सहा ते दहा, मिसळून’ असं लिहिलं जातं. मावशींना मी असे बूट मिळणाऱ्या दुकानाचं नाव कागदावर लिहून दिलं आणि त्यांच्या सुपरवायझरशी बोललो. तो भला माणूस आहे, म्हणाला, बघतो. मी पुढच्या आठवड्यात परत विचारणार आहे.

४.००

पूर्वेचे खालचे तीन मजले पोलने. लांब फायबरचा दांडा, टोकाला ब्रश, त्यातून क्षार काढलेलं पाणी. पुसावं लागत नाही, डाग न राहता वाळतं. माणूस जमिनीवर सुरक्षित, पण पाय तासन् तास डबक्यात, मान वर. इथे पाणी न शिरणारा बूट लागतो. गमबूट घातले तर पाणी शिरत नाही, पण आत घामाने तेवढाच ओलावा होतो, आणि दांडा सावरत इकडून तिकडे पावलं टाकताना घोट्यात ढिले पडतात. घोट्यापर्यंतचा, जीभ दोन्ही बाजूंनी शिवून बंद केलेला, पाणी अडवणाऱ्या कातड्याचा बूट बरा. ‘डब्ल्यूआर’ खूण असेल तर सबंध बूट पाण्यात तपासलेला असतो. ‘डब्ल्यूआरयू’ म्हणजे फक्त वरचं कातडं. हा फरक मोजे भिजल्यावर कळण्यापेक्षा विकत घेताना कळावा.

६.१५

करी रोडहून मशीद स्टेशन, तिथून नागदेवी स्ट्रीट. दोर, पुल्या, बोल्ट, हेल्मेट, हातमोजे, सगळं इथे मिळतं, आणि बुटांचे डबे छतापर्यंत रचलेले. मालद्याचा पोरगा बरोबर. बूट घ्यायला मी मुद्दाम संध्याकाळी जातो. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, आणि कामात बूट त्याच पायावर असणार. सकाळी नीट बसलेला बूट दुपारी चावतो ते यामुळेच.

कामाचेच मोजे घालून, दोन्ही पायांत बूट घालून, उभं राहून बघायचं. बसून कधीच नाही. वजन पडल्यावर पाऊल पसरतं. पुढे अंगठ्यापुढे अंगठ्याएवढीच जागा हवी. दुकानाच्या पायरीवरून उतरायला लावलं. बोटं पुढे आपटली तर नापास. मग पायरीच्या कडेवर पावलाचा मध्य टेकवून मिनिटभर उभं केलं, म्हणजे शिडीची परीक्षा झाली. शेवटी माझ्या पिशवीत आमच्याच बादलीतल्या साबणपाण्याची छोटी बाटली असते ती काढली. दुकानदार ओळखीचा आहे, हसला आणि स्वतःच उंबऱ्याजवळच्या फरशीवर ओतायला जागा केली. पोराने बूट घालून तिथे पाय घासून बघितला. पहिली जोडी सरकली. दुसरी धरली, पण चवड्यावर आवळत होती.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने काही वर्षांपूर्वी देशभरात लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पायासाठी वेगळी मापपद्धत हवी, कारण आपले पाय चवड्यावर रुंद असतात, असा त्यातून निष्कर्ष निघाला. आपण वापरतो ते नंबर इंग्रजांचे. त्या पाहणीतून आलेली मापं दुकानात सर्रास दिसतील तेव्हा या पोराचं दुखणं थांबेल. तोपर्यंत एकच उपाय, रुंद साच्याचा बूट मागणं. दुकानदाराने माळ्यावरून एक जोडी काढली, धूळ झटकली. पोराने घातली आणि बोटं हलवून दाखवली.

पण मी ती घेऊ दिली नाही. बुटावर बनवल्याचं साल आणि महिना छापलेला असतो, आणि ही जोडी बरीच जुनी होती. तळ पीयूचा. पीयू हलका, पायाला मऊ, पण दमट हवेत त्यावर पाण्याची क्रिया होत राहते, न वापरता डब्यात पडून राहिला तरी. बाहेरून नवा कोरा दिसतो, आणि घातल्यावर काही दिवसांत तळ बिस्किटासारखा तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. मुंबईच्या गोदामात तर लवकरच. मी नखाने दाबलं, तळाच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. दुकानदाराने काही न बोलता जोडी बाजूला ठेवली आणि ताज्या मालातली, वर पीयू आणि खाली नायट्राइल रबराचा तळ असलेली, त्याच साच्याची काढली. तीच घेतली. स्टील टोच्या साध्या बुटापेक्षा थोडे जास्त पैसे पडले. फरक मी दिला, पगारातून कापणार नाही असंही सांगितलं. तो ऐकेना, शेवटी निम्म्यावर तडजोड झाली.

खरं तर यातला एक रुपयाही त्या पोराने द्यायला नको, आणि मीही. हेल्मेटचे पैसे कोणी कामगाराकडे मागत नाही, दोराचे मागत नाही. नीट बसणाऱ्या बुटाचं मात्र ‘तेवढं तुमचं तुम्ही बघा’ असं होतं, जणू बूट हा कामाचा भाग नसून माणसाच्या आवडीनिवडीचा विषय आहे. हे बदलायला हवं आणि ते आमच्यासारख्या मधल्या माणसांनी मागितल्याशिवाय बदलणार नाही.

९.३०

घरी. पाय कोमट पाण्यात, मग पुसून टाचेच्या भेगांना खोबरेल. बोटांमध्ये तेल नाही, तिथे कोरडंच हवं. बुटात वर्तमानपत्राचे बोळे.

मग फोनवर ठेकेदाराला यादी. प्रत्येकाचं नाव, नंबर, चवडा रुंद की साधा, काम दोरावर की शिडीवर, पोलवरच्यांसाठी ‘डब्ल्यूआर’. खाली लिहिलं की प्रत्येकी दोन जोड्या, आयएसआयचा शिक्का, तळ रबराचा आणि डाग न पाडणारा, माल गेल्या वर्षभरातला, आणि दर मागवण्याआधी एक नमुना फरशीवर घासून बघायला माझ्याकडे पाठवा. दहा मिनिटांनी उत्तर आलं. करारात स्टील टो लिहिलंय, दोन जोड्यांचं बजेट नाही, उद्या बोलू. मी त्याला मानकाच्या भाग ४ ची माहिती पाठवली, आणि दोन जोड्या आलटून-पालटून वापरल्या तर दोन्ही जास्त टिकतात, चिखल्यांमुळे बुडणारे रोज वाचतात, तो हिशोबही मांडून पाठवला. उद्या ६.४० ला इमारतीच्या सेफ्टी ऑफिसरलाही हेच दाखवायचं आहे. परमिटच्या फॉर्ममध्ये ‘सेफ्टी शूज’च्या शेजारी ‘तळ तपासला’ अशी एक ओळ वाढवून घ्यायची आहे. दाखवायच्या माहितीची छापील प्रत करून पिशवीत ठेवली आहे.